बैलाची नाडी, पोराचं काळीज

माझा एकही पेशंट माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. लाथा मारल्या, शिंगं लावली, एका जर्सी गाईनं साडीचा अर्धा पदर चघळून खाल्ला, पण खोटं म्हणून नाही. खोटं बोलायचे ते त्यांचे मालक. "काय खाल्लं हिनं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "रोजचंच." रोजचंच म्हणजे काल घरी साखरपुडा होता आणि उरलेला भाताचा टोप म्हशीपुढे रिकामा केलेला. म्हैस फुगून नगारा झालेली आणि मालक तोंड वर करून सांगतोय, रोजचंच. म्हणून आम्ही गुरांचे डॉक्टर मालकाचं ऐकतो एका कानानं आणि जनावराचं दोन्ही कानांनी.

नोकरी सारी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत झाली. कधी मढच्या बाजूच्या पावसात, गुडघाभर चिखलात अडलेली गाय सोडवायला. कधी पारगावच्या कारखान्यावर, ऊसतोडीच्या बैलांच्या सोललेल्या माना धुवायला. मढची एक आजी कोंबडी पिशवीत घालून एसटीनं दवाखान्यात आली होती. कंडक्टरनं वाद घालून कोंबडीचंही तिकीट फाडलं होतं. आजी म्हणाली, "बाई, हिचं जायचं तिकीट काढलंय, यायचं बी काढणार हाय. तवा नीट करा." कोंबडी नीट झाली. आजी पुढे कित्येक वर्षं मला रस्त्यात थांबवून तिच्या नातवंडांची खुशाली सांगायची. कोंबडीच्या नातवंडांची.

गुरांच्या डॉक्टरकडे माणसंही येतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. म्हशीच्या कासेला दिलेलं मलम स्वतःच्या गुडघ्याला चोळून "लई गुण आला" असं सांगणारे मी पाहिलेत. "मॅडम, जनावराला चालतंय तर माणसाला का नाय?" माझं उत्तर पाठ होतं, "मला चार पायांचं लायसन आहे. दोन पायांचा पेशंट पुढच्या दवाखान्यात." आयुष्यात एकदाच मी दोन पायांच्या पेशंटला हात घातला. तेही बैलाच्या आडून, आणि लबाडी करून. तेच आज सांगायचं आहे.

निमगाव सावाच्या पलीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही घरांत दिवाळी अंक जातात आणि शेवटच्या पानापर्यंत वाचले जातात. निवृत्ती जवळ आली होती. मधली काही वर्षं बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि दोन्ही तालुक्यांतली माणसं भर उन्हात पिऊन आल्यासारखी खुशीत फिरत होती.

ज्यांनी बैलगाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे घाट म्हणजे डोंगरातली वळणं नव्हेत. चढाची एक लांब मोकळी पट्टी, खालून वरपर्यंत सरळ, तिला घाट म्हणायचं. खाली चार बैल गाड्याला जुंपतात. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. पुढे एक घोडी सुटते आणि तिच्यामागे बैल. अशा एका पळतीला बारी म्हणतात. बारी काही सेकंदांत आटोपते. त्या काही सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला दूध, गावठी अंडी आणि उडदाचं पीठ चारतात. आणि बारीआधी आमच्यापैकी कुणीतरी बैल तपासतं. बैल आजारी असला किंवा त्याच्या अंगात काही चढवणारं गेलं असलं, तर बैल बाद. त्या एका दिवशी गुरांच्या डॉक्टरला जो मान मिळतो तो आमदारालाही मिळत नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "ओ मॅडम, शेण बघता का जरा."

रभाजी तात्यांचा बैल पाखऱ्या; गाड्याचे बाकीचे तीन बैल पाहुण्यांकडून यायचे. तात्या सत्तरीचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घर मेंढरांमागे फिरणारं, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरणारं. तात्यांनी मेंढरं विकली, ऊस आणि कांदा धरला, पण जनावराची माया कुठे जाते? ती सगळी पाखऱ्यावर निघाली. पाखऱ्या पांढराशुभ्र, शिंगं बाकदार, मिजास नव्या जावयाची. त्याच्या बादलीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. त्याचं पाणी तात्या आधी स्वतः चाखून बघायचे. आपल्याच गावच्या यात्रेत पाखऱ्याची बारी पहिल्या नंबरात यावी आणि मग खुशाल डोळे मिटावेत, असं तात्या चारचौघांत सांगायचे. डोळे मिटायचं कुणी खरं मानत नव्हतं, पण बाकीचं सगळं खरं होतं.

तात्यांचा नातू आदेश, सातवीत. अंगानं काडी, पायात वारा, शाळेच्या खो-खोच्या संघात. ह्या नातवाच्या खाण्यापिण्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. तो प्यायचा करंट.

करंट हे पोरांनी ठेवलेलं नाव. छापील नाव वेगळं होतं, ते मी लिहीत नाही. त्यांना फुकटची जाहिरात कशाला? भडक रंगाचं, फसफसणारं, खोकल्याच्या गोळीसारख्या वासाचं गोड पाणी. वर विजा, आगीचे लोळ, पळणारे पुरुष. "हे पिलं की अंगात करंट येतो," असं पोरं एकमेकांना सांगत. शाळेच्या कोपऱ्यावर मुनीरभाईंचं दुकान होतं. मधली सुट्टी झाली की फ्रीजला पोरं चिकटायची. खो-खोच्या आधी एक, ट्यूशनच्या आधी एक, परीक्षेच्या सकाळी एक. चौथीतली पोरं एका बाटलीत तिघंतिघं तोंड लावायची.

आदेशची आई सुनीता एके दिवशी शेळी घेऊन दवाखान्यात आली. मी शेळी उलटसुलट पाहिली. शेळी ठणठणीत.

"हिला काय झालंय?"

"हिला काय नाय मॅडम. पर शेळी घेतल्याबिगर हिकडं येता येत नाय ना. सासरे इचारत्यात कुठं निघालीस म्हणून."

मग तिनं खरं दुखणं सांगितलं. आदेश झोपत नाही. पहाटेपर्यंत टक्क जागा. सकाळी डोकं धरून बसतो. हात थरथरतात, वहीवर अक्षर उड्या मारतं. परवा शाळेत भोवळ येऊन खाली बसला. "काळीज लई उडतं म्हणतो. हात लावून बघितलं, चिमणीवानी उडतंय."

"खातो-पितो काय?"

"रोजचंच," सुनीता म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. मग हळूच, "करंट पितो. दिसाला दोन. कदी तीन बी."

मी तिला सांगितलं की पोराला मंचरला लहान मुलांच्या डॉक्टरकडे ने, आजच ने. ती म्हणाली, "तात्या नाय म्हणत्यात. म्हणत्यात पोरगं चपळ हाय, तुजीच नजर लागंल."

मी तात्यांना गाठलं. पाखऱ्याच्या अंगावर खरारा करत होते. मी सगळं समजावलं. चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य त्यात भरपूर असतं, वर साखर, लहान जिवाला ते झेपत नाही, छाती धडधडते, झोप उडते. तात्यांनी खरारा थांबवला नाही.

"मॅडम, तुमी बैलाचं बघा. पोराला काय व्हतंय? रंगीत पानी तर हाय. आमी ल्हानपनी वढ्याचं पानी पिलं, तरी हाय की उभं."

मुनीरभाईंकडे गेले. माणूस सज्जन. पंचक्रोशीतल्या लग्नांना सरबताच्या बाटल्या हेच पुरवायचे. त्यांनी निमूट चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि मला दाखवली. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की हे मुलांसाठी नाही.

"बघा मॅडम. मला चष्मा लावून दिसंना, पोरांना काय दिसणार? आणि मी नाय ठेवलं तर पोरं स्टँडवरनं आणतील."

"तुमच्या शबानाला देता का?" मी विचारलं. शबाना त्यांची नात, आदेशच्याच वर्गात.

"तिला? कदीच नाय," मुनीरभाई झटकन म्हणाले आणि मग बराच वेळ काउंटर पुसत राहिले.

दोन दारं ठोठावली, दोन्ही बंद. माझी चिडचिड झाली. दोन पायांचा पेशंट आपला नाही म्हणत मी दवाखान्यात परतले, पण ती उडणारी चिमणी डोक्यातून जाईना.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यांचा फोन आला. सत्तरीचा माणूस लहान पोरासारखा रडत होता. "मॅडम, पाखऱ्या ग्येला. इख घातलं वो माज्या पाखऱ्याला."

स्कूटी घेऊन पोचले तर गोठ्यासमोर अर्धं गाव. पाखऱ्या उभा होता, म्हणजे गेलेला नव्हता. पण चिन्ह काही बरं नव्हतं. डोळे ताणलेले, कान सारखे फिरताहेत, पाय जागेवर ठरत नाहीत, कातडी शहारतेय. रवंथ बंद. दर थोड्या वेळानं मुततोय. पोरं काठ्या घेऊन तयार होती, कारण तात्यांनी निकालही लावून टाकला होता. खालच्या आळीच्या भीमाजीनं विष घातलं. भीमाजीचाही गाडा होता, आणि मागच्या दोन पिढ्यांपासून दोन्ही घरांत यात्रेपुरतं वैर होतं. यात्रा संपली की एकमेकांकडे कांद्याचं रोप मागायला जायचे. ह्या खेपेला मात्र डोकी फुटणार, हे दिसत होतं.

"सगळे मागे व्हा," मी म्हटलं. कोणी हललं नाही. मग मी पाखऱ्याची शेपटी उचलली आणि गर्दी आपोआप मागे सरली. बैलाची नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला लागते. बोटं लावून उभं राहायचं आणि गावानं तुमच्याकडे पाहत राहायचं. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंना ही गोष्ट मी बरीच वर्षं सांगितली नव्हती.

नाडी जोरात होती. ताप नव्हता. तोंडाला फेस नव्हता. मग बादली पाहिली. पेंडीची बादली चाटूनपुसून लख्ख, आणि तिच्या काठावर मुंग्यांची यात्रा भरलेली. मी बादलीत नाक घातलं. खोकल्याच्या गोळीचा वास.

मान वर केली तर कडब्याच्या गंजीवर आदेश बसलेला. एक गुडघा सारखा हलतोय, कान लालबुंद, नजर ठरत नाही. खाली पाखऱ्या, वर आदेश, दोघांचं लक्षण हुबेहूब एक. माझी खात्री पटली.

"तात्या, विषाला मुंग्या लागत नाहीत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पोटात गोड गेलंय, भलतं गोड. भीमाजीचा काही संबंध नाही. बैल मरत नाही. काठ्या घरी ठेवा आणि मला निवांत काम करू द्या." पोरं हिरमुसून पांगली. भांडण रद्द झाल्याचं दुःख त्यांना बैल वाचल्याच्या आनंदापेक्षा जास्त झालं असावं.

पाणी आणायच्या निमित्तानं मी आदेशला गोठ्यामागे नेलं. काही विचारावं लागलं नाही. रडतच सुरू झाला.

"मॅडम, मी मारायला नव्हतं दिलं. पाखऱ्या लई दमतो वो घाटात. वर ग्येला की जीभ बाहीर येती त्याची. मला पिल्यावर पळाया येतं, म्हणून तात्या जेवाया ग्येल्यावर त्याला बी दिलं. यात्रेच्या खाऊचं समदं पैसं घातलं."

"किती बाटल्या?"

"पिशवी भरून. मुनीरचाचा म्हनले, पावणं लई आल्यात वाटतं घरी."

मला हसू येत होतं. पोरानं यात्रेतला पाळणा, खाऊ, सगळं सोडून बैलावर उधळलं होतं. त्याच्या हिशेबानं जगातली सर्वांत भारी वस्तू तीच होती. बैल दमतो हे घरात एवढ्या बारकाईनं कोणी पाहिलं होतं? तात्यांनीही नाही.

पण आता पंचाईत. तात्यांना सांगावं तर चाबूक पोराच्या पाठीवर. न सांगावं तर पाखऱ्या उद्या बरा, आणि करंट परवा पुन्हा सुरू. पाखऱ्याची मला फारशी काळजी नव्हती. भरपूर पाणी, सावली, शांतता मिळाली की उतरणारी ती तरतरी होती. बुडत होता तो दुसराच पेशंट, आणि त्याच्याकडे पाहायला कोणी तयार नव्हतं. तात्यांना एकच भाषा कळत होती, बैलाची. म्हटलं, ठीक आहे, बैलाच्या भाषेत बोलू.

ऊन कललं. पाखऱ्या बराच निवला होता, एखाददुसरा रवंथही सुरू झाला होता. मी तात्यांना, सुनीताला आणि आदेशला गोठ्यात बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं. तात्यांचा हात खुंटीवरच्या चाबकाकडे गेला.

"हात खाली, तात्या. आधी ऐकायचं. मग काय मारायचं ते मारा."

गळ्यातली नळी काढून मी त्यांच्या कानांत घातली आणि दुसरं टोक पाखऱ्याच्या डाव्या कोपरामागे टेकवलं. तात्यांचे डोळे मोठे झाले. आयुष्यभर जनावरांत राहिलेला माणूस, पण आपल्या बैलाचं काळीज पहिल्यांदा ऐकत होता.

"वाजतंय," ते कुजबुजले. "धप... धप... मोटंच्या बैलाच्या पावलांवानी."

"नीट लक्षात ठेवा कसं वाजतंय ते." मग मी आदेशला पुढे ओढलं, शर्ट वर केला आणि नळी त्याच्या छातीवर ठेवली. पोरगं आधीच भेदरलेलं, त्यात सकाळचा करंट.

तात्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. नळी काढून कान पुसले आणि तिसऱ्यांदा ऐकलं. चेहरा उतरत गेला.

"मॅडम, हे तर पाखऱ्याच्या पुढं पळतंय. दुप्पट पळतंय वो हे."

मी चेहरा लांब करून नुसती उभी राहिले.

"पाखऱ्यानं एकदाच प्यालं, तात्या. हा रोज पितो. एका पाखऱ्याच्या वजनात असे बारा आदेश बसतील. ह्यानं दिवसाला दोन प्यायच्या म्हणजे पाखऱ्यानं रोज चोवीस प्यायच्या. द्याल का पाखऱ्याला रोज चोवीस?"

तात्या मटकन गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "माजा बाप कोकराच्या छातीला कान लावायचा. पावसात, थंडीत. कान लावून सांगायचा, हे जगंल का नाय. मला म्हनायचा, तोंड बगून कळत नाय रं, आत ऐकाया लागतं." आणि त्यांनी आदेशला दोन्ही हातांनी जवळ ओढलं, नळी बाजूला सारली आणि त्याच्या छातीला नुसता कान लावला. पोरगं आधी आक्रसलं. मग तसंच उभं राहिलं. सुनीता दारात पदर तोंडाला लावून रडत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

आता वाचकांना म्हणून खरं सांगते. लहान पोराचं काळीज बैलाच्या काळजापेक्षा जोरातच चालतं. कुठल्याही पोराचं. नुसत्या ताकावर वाढलेल्या पोराचंसुद्धा. जीव जेवढा मोठा तेवढे ठोके सावकाश, ही आमच्या शिक्षणातली पहिल्या वर्षाची गोष्ट. आदेशचे ठोके करंटनं वाढलेले होते हे खरं, पण वाढले नसते तरी शर्यत त्यानंच जिंकली असती. मी तात्यांना तेवढंच सांगितलं नाही. वजनाचं गणित मात्र खरं होतं, थरथर खरी होती, भोवळ खरी होती. खऱ्या भाकरीबरोबर थोडा खोटा ठेचा चालतो, असं माझं मत आहे. आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप वगैरे काही नाही.

"तात्या, उद्या पाखऱ्याची बारी नाही," मी म्हटलं. हे सांगणं मला जड जात होतं. हात जोडतील, गावकीला आणतील, अशी माझी तयारी होती. एवढ्या वर्षांचा तो हट्ट होता.

तात्यांनी मान वर केली. "बारीचं ऱ्हाऊ द्या वो. मंचरला आत्ता गाडी मिळंल का?"

मिळाली. भीमाजीच्या पोराची जीप, पण सकाळची. यात्रेच्या दिवशी घाटात हलगी घुमत होती, वैऱ्याचा गाडा पळत होता, आणि तात्या मंचरच्या दवाखान्यात नातवाला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. डॉक्टरांनी नीट तपासलं. काळीज शाबूत आहे, हे पिणं बंद, झोप वेळेवर, महिन्यानं दाखवा, असं सांगितलं. तात्यांनी त्यांना ठणकावून विचारलं म्हणे, "पाखऱ्याच्या पुढं पळतंय, त्याचं काय?" डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही. तात्या परत येऊन मला म्हणाले, "हुशार हाय डॉक्टर, पर त्याला बैलातलं काय कळत नाय."

मी दोघा पेशंटांना एकच पथ्य दिलं. साधं पाणी, घरचं खाणं, सावली, दिवेलागणीला जेवण आणि मग झोप. आदेशची खाट गोठ्याच्या ओसरीवर आली. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडायचा, पाखऱ्याला उद्देशून तात्यांना शिव्या द्यायचा. मग हळूहळू निवळला. झोपायला लागला. वहीतली अक्षरं ओळीवर उतरली.

पण तात्या! माणसाच्या हाती नवं अवजार आलं की तो एका खिळ्यावर थांबत नाही. तात्यांच्या मनानं घेतलं की आपला नातू असा, तर गावातल्या बाकीच्या पोरांचं काय? एका मधल्या सुट्टीत ते मुनीरभाईंच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसले. फ्रीजकडे जाणारं प्रत्येक पोर धरायचं, छातीला कान लावायचा आणि जाहीर करायचं, "हे बी पाखऱ्याच्या पुढं. हे बी. आरं द्येवा, हे तर लईच." शाळा सुटेपर्यंत तात्यांनी गावची एक अख्खी पिढी धोक्यात असल्याचं सिद्ध केलं. आया पोरांना ओढून घरी नेऊ लागल्या.

मुनीरभाईंनी शेवटचा उपाय म्हणून शबानाला पुढे केलं. "तात्या, हिचं बघा. हिनं आयुष्यात थेंब चाखला नाय."

तात्यांनी कान लावला. उठून उभे राहिले. मुनीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुःखानं म्हणाले, "भाऊ, चोरून पीत असंल."

मुनीरभाई त्याच संध्याकाळी माझ्या दवाखान्यात हजर. शेळी न घेता आले होते. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. ही भानगड काय हाय? माझी नात खोटं बोलत नाय."

मी खरं सांगितलं. मुनीरभाई खुर्चीत मागे रेलून असे हसले की बाहेरची गाय बावरली. डोळे पुसून म्हणाले, "म्हंजे तात्या ज्याच्या छातीला कान लावतील ते पोर नापासच?"

"जन्मभर."

"मग मी माल कसा विकायचा राव?"

"विकू नका."

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "त्या दिवशी तुमी शबानाचं विचारलं ना, तवापासनं झोप लागत नव्हती. आता कारन मिळालं. लोकांना सांगतो, कंपनीपेक्षा तात्यांचा कान वरचढ." दुसऱ्या आठवड्यात फ्रीजमधून करंट गेला. त्याजागी लिंबू सोडा आणि कोकम आलं. खप पडला हे खरं. मुनीरभाई कुणाजवळ कुरकुरले नाहीत, आणि माझं गुपितही त्यांनी फोडलं नाही.

खंत एवढीच की माझ्या लबाडीची हद्द त्या गावच्या वेशीपर्यंतच. पलीकडच्या गावात तात्या नाहीत आणि पाखऱ्याही नाही. तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आजही पोरं फ्रीजला चिकटलेली दिसतात. स्कूटी थांबवते, दुकानदाराशी हुज्जत घालते, तो म्हणतो, "बाई, तुमी जनावरांच्या डॉक्टर ना?" तिथे माझं लायसन संपतं.

पुढच्या वर्षी पाखऱ्या पळाला. पहिला नाही आला. भीमाजी पहिला आला आणि त्यानं तात्यांना खांद्यावर घेतलं.

मी निवृत्त होऊन जुन्नरला राहते. यंदा उन्हाळ्यात दारात एक उंच पोरगा उभा राहिला, ओठांवर मिसरूड. मी ओळखलं नाही. हातात गावठी अंड्यांची पिशवी होती, त्यावरून ओळखलं. आदेश. आता दहावीला जाणार.

पाणी प्यायला, चहा झाला. तरी उठेना. गुडघा हलायला लागला.

"पुन्हा सुरू केलंस का रे?"

"नाय वो मॅडम. एक इचारायचंय. रागावणार नाय ना?"

"विचार."

"आमच्या सायन्सच्या सरांनी वर्गात नाड्या मोजायला लावल्या. मग मी घरी येऊन पाखऱ्याची मोजली, शेपटीखाली, तुमी धरायचा तशी. मग शेजारच्या बारक्याची मोजली. त्यानं कदी करंट बगितला बी नाय." त्यानं अंड्यांची पिशवी पुढ्यात ओढली. "मॅडम, पोराचं काळीज बैलापेक्षा जोरातच चालतं की."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाही मालकानं मला पकडलं नाही, आणि ह्या पोरानं पकडलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"तात्यांना सांगितलंस?"

"नाय."

"का?"

तो अंड्यांच्या पिशवीची गाठ सोडायला लागला, पुन्हा बांधायला लागला.

"तात्या अजून रोज सांजच्याला कान लावत्यात. आधी पाखऱ्याच्या छातीला, मग माज्या. पोरं हसत्यात मला. म्हनत्यात, एवडा घोडा झाला अन् आज्याच्या कानाला छाती लावतो. मी बी म्हणलं व्हतं, सांगून टाकावं एकदाचं." गाठ बांधून झाली. "पर खरं कळलं तर लावायचे नाय ना."

मी उठून आत गेले आणि उगाच बराच वेळ कपबश्या विसळत राहिले.

सुनीता, तुझ्या घरी हा अंक येतो हे मला ठाऊक आहे. वाचून झाला की दळणाच्या डब्याखाली ठेव. तात्यांच्या हाती लागू देऊ नकोस.